आम्ही मागितलेलं सभागृह

नव्या गालिच्याला एक थंडगार वास असतो. परवा बाळकुमच्या नव्या सभागृहात, वरच्या परिषद दालनात, भाच्याच्या कंपनीचा कार्यक्रम होता. दार ढकललं, तो वास आला आणि मी आल्या पावली परतले. भाचा मागोमाग आला, "मावशी, अगं बरं वाटत नाहीये का?" त्याला काय सांगू? लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

तुम्ही गाण्यातले असाल तर तुम्हाला कळेल. आमच्या बैठका वर्षानुवर्षं नौपाड्यात, एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायच्या. बाकं भिंतीला सारायची, सतरंज्या अंथरायच्या. धुळीने शिंका यायच्या, खिडकीखाली रिक्षावाल्यांची भांडणं रंगायची आणि नेमका विलंबित ख्याल सुरू असताना शेजारचा कुकर शिट्टी द्यायचा. रुमाल टाकून जागा धरावी लागे, आणि त्या रुमालांवरून चांगली शिकलीसवरली माणसं हमरीतुमरीवर येत. आमच्या गाण्याच्या मंडळाचे चिटणीस, आम्हा सगळ्यांचे काका, सतरंजी गुंडाळता गुंडाळता दर वेळी म्हणत, "एवढ्या मोठ्या शहरात गाण्याला एक धड हॉल नसावा, म्हणजे काय!" अर्ज घेऊन त्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. आम्ही आपल्या सह्या करायचो. बाळकुमची भातखाचरं जाऊन तिथे कारखाना आला होता. तोही बंद पडला, पत्र्यांमागे रान माजलं, आणि शेवटी तिथे एकदाची ही नवी इमारत उभी राहिली. खाली सभागृह, वर परिषदांची दालनं, जिकडेतिकडे काच आणि पायाखाली तो नवा गालिचा. तोवर काकांचे गुडघे मात्र गेले होते.

पहिली बैठक रविवारी सकाळी ठेवली. डोंबिवलीच्या एक ज्येष्ठ गायिका, आमच्या लाडक्या बाई, गाणार होत्या. खुर्च्यांचा नुसता समुद्र, आणि माणसं शाळेतल्या दोन सतरंज्यांवर मावतील एवढी! कुणाला लांब पडलं, कुणी म्हणे मोबाइलवर ऐकू की नंतर. वरच्या मजल्यावर फ्लॅटच्या प्रदर्शनाला मात्र ही झुंबड. सवयीने मी शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला आणि माझी मलाच शरम वाटली. त्यात एक कार्यकर्ता कानाशी कुजबुजत फिरू लागला, "जरा विखरून बसा हां, फोटोत भरल्यासारखं दिसेल." आणि आम्ही बसलो की हो विखरून! काका पहिल्या रांगेत, मधोमध, ठेवणीतला रेशमी झब्बा घालून. सारखे मान वळवून दाराकडे बघत होते.

बाई आल्या, समोर नजर टाकली आणि हसल्या. "अहो, इतक्या लांब काय बसलाय? सगळे वर या. पडदा ओढून घेऊ, आपली शाळाच समजू." सुटल्यासारखे आम्ही स्टेजवर चढलो, त्यांच्याभोवती मांडी घालून बसलो. पडदा सरकला, माइक बंद झाला, सभागृहाचे दिवे कुणीतरी घालवले. आणि तोडी अशी लागली म्हणता, अंगावर काटा! रिकाम्या खुर्च्या दिसत नव्हत्या. मला वाटलं, चला, झाकली मूठ राहिली.

भैरवी संपली, पडदा उघडला. समोरच्या अंधारातून टाळ्या आल्या, एकाच माणसाच्या. काका! स्टेजच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत, हे आमच्यातल्या एकालाही आठवलं नव्हतं. अख्खी बैठक तो माणूस बंद पडद्याकडे तोंड करून काळोखात बसला होता.

मी धावत खाली गेले. "काका, अहो हाक का नाही मारलीत?"

"अगं, बाईंनी षड्ज लावलेला. मध्येच कसं ओरडायचं?" त्यांनी काठी चाचपली. "ऐकू आलं थोडंफार. हॉल चांगला झालाय, नाही?"

"हो," म्हणाले मी. मान वर करून त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

आता म्हणे हळूहळू माणसं यायला लागली आहेत. शहराला सवय लागायला वेळ लागतो, लागेल. काका मात्र येत नाहीत. फोन केला की म्हणतात, गुडघे दुखतात गं.