सहाव्या होलचे उंचवटे

डोंबिवलीच्या खाडीकाठी, जुन्या रेतीबंदरामागे, सर्वांसाठी खुलं असलेलं एक छोटं गोल्फचं मैदान आहे. उपशाची वाळू तिथे वर्षानुवर्षं ओतली गेली, तिच्यावर गवत रुजलं आणि जमिनीला उंचवटे आले. आखणी करणाऱ्याने ते तसेच ठेवले. मी मृदाशास्त्र शिकलेली. ठाण्यातल्या एका सल्लागार कार्यालयासाठी मैदानांच्या आखणीचं मूल्यमापन करते. तिथे मला बोलावलं ते एकाच प्रश्नासाठी: सहाव्या होलचे, म्हणजे चेंडू भोकापर्यंत न्यायच्या सहाव्या पट्ट्याचे, उंचवटे ठेवायचे की बुलडोझर फिरवायचा?

मैदानाच्या समितीचे अध्यक्ष इथल्याच जुन्या जमीनदार घरातले, सगळे त्यांना काका म्हणतात. आमच्या भागात भरणी टाकून एका पातळीत आणलेल्या जमिनीलाच ‘तयार’ म्हणतात, आणि उघडी वाळू म्हणजे बांधकामाचा माल. त्यामुळे सहाव्या होलच्या बंकरवर, म्हणजे अडथळा म्हणून मुद्दाम ठेवलेल्या वाळूच्या खड्ड्यावर, रोज संध्याकाळी ताडपत्री घालून कडेला विटा लावल्या जात.

“पोरी, चेंडू वाकडा जातो. लोक आम्हाला बोलतात,” काका म्हणाले. “सरळ करून टाकू.”

मी मात्र सकाळभर त्या होलवर खूश होत होते. पाणी मारून झाल्यावर एकही डबकं उरलं नव्हतं. वाळूने ते विनासायास पिऊन टाकलं होतं. म्हणून पृष्ठभाग घट्ट होता आणि चेंडू कुठे न रुतता लांबवर घरंगळत होता. कसलेल्या खेळाडूने बंकरवरून थेट फटका मारावा. नवख्याने डावीकडचा उंचवटा धरावा, त्याचा उतार चेंडू भोकाजवळ आणून सोडतो. बलवानाला प्रश्न आणि दुबळ्याला वाट: सार्वजनिक मैदानाकडून याहून अधिक काय मागायचं?

हे सगळं मी काकांना सांगितलं. “हे तुझ्या रिपोर्टात ठीक आहे. साध्या माणसाला जमतं का, ते दाखव.”

मागणी रास्त होती. मी जवळच कोपरला राहणाऱ्या आईला फोन केला. ती भाजीची पिशवी घेऊनच रिक्षातून उतरली.

“अगं, कॅरम सोडून मी आयुष्यात काय खेळलेय?”

मी तिच्या हातात गोल्फची काठी दिली, भोकातला झेंडा दाखवला आणि गप्प राहिले. प्रयोगात सूचना द्यायच्या नसतात. तिने पिशवी गवतावर ठेवली, डोळे बारीक केले आणि झेंड्याकडे जवळजवळ पाठ करून उभी राहिली.

“वहिनी, झेंडा तिकडे आहे,” काका म्हणाले.

“दिसतोय की. सरळ मारला तर त्या खड्ड्यात जाणार. कडेला लावून आणते.”

चेंडू उंचवट्यावर चढला, माथ्याशी रेंगाळला, वळला आणि उतारावरून झेंड्याच्या दिशेने सावकाश खाली येत राहिला. भोकाजवळ येऊन तो थांबला.

“परत मारा बघू,” काका म्हणाले. दुसऱ्या खेपेलाही तो वळला. मग त्यांनी स्वतः काठी घेतली, सरळ मारला आणि बंकरमध्ये घातला.

“सांगितलं होतं,” आई म्हणाली.

काकांनी पुन्हा मारला, या वेळी उंचवट्यावर. तो वळताना ते त्याच्या मागोमाग दोन पावलं चालत गेले. थोड्या वेळाने हातात ताडपत्री घेऊन माळी आला, तेव्हा आमची तिसरी फेरी चालली होती.

“ठेव ती बाजूला,” काका म्हणाले. “आणि बुलडोझरवाल्याला कळव, नको म्हणून. वहिनी, मारा, आता तुमचा नंबर.”