सूर्यावरून उशिरा आलेले कण

आज पोह्यांच्या फोडणीत कढीपत्ता तडतडला आणि मी चाळीस वर्षांपूर्वीच्या घाटकोपरच्या खोलीत जाऊन बसले. समोर मला बघायला आलेले पाहुणे, दारात आई, मागून मावशीने घट्ट धरलेला पदर. लग्न ठरलं की संशोधन संपणार, म्हणून या बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, मुलालाच पळवून लावायचं ठरवलं होतं.

"काय शिकतेस?" पाहुण्यांनी विचारताच मी सुरू झाले. "सूर्यावर स्फोट होतो. प्रकाश आधी पोचतो, कण मागाहून."

"पुरे गं!" मावशीने चिमटा काढला. पोहे गार झाले. मुलगा मात्र पुढे सरकला.

"कण उशिरा निघतात की वाटेत रेंगाळतात?"

माझ्या प्रबंधाचा नेमका हाच प्रश्न! शहाणी तिथेच अडकली. पुढे लग्नानंतर माझा प्रबंध टाइप केला तो त्यांनीच.

आता भाजी आणायला गेलेले हे तासाभराने परततात, तेव्हा मी दारातच विचारते, "उशिरा निघालात की वाटेत रेंगाळलात?"