चुलीची नाडी बघणारे आतोबा

मुखेडपासून अहमदपूरपर्यंत माझ्या आतोबांनी नावं ठेवली नाहीत अशी एकही चूल नसेल. आत्याचे हे यजमान कुणाकडेही गेले की चहाआधी चुलीपुढे उकिडवे बसत, राख उकरत, लाकडं विरळ करत आणि जाळ भडकला की विजयी मुद्रेने घरभर बघत. 'चुलीला बी दम घेऊ द्या की! लई लाकडं कोंबता तुम्ही,' हे ठरलेलं. एका लग्नात वऱ्हाड जेवायला ताटकळलेलं असताना यांनी आचाऱ्याच्या भट्टीच्या विटा काढून तिचं तोंड वाऱ्याकडे वळवायला घेतलं. भात तासभर उशिरा झाला, आतोबा मात्र खूश. बंद खिडकी दिसली की त्यांच्या पोटात दुखे, म्हणून थंडीत ते येताना दिसले की आम्ही आधी स्वेटर घालायचो.

यंदा पौषात माझी बहीण बाळंतपणाला माहेरी आली आणि सुखरूप बाळंत झाली. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून आईने खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, शेकायला निखाऱ्यांची शेगडी आत ठेवली आणि दार लावून घेतलं. तासाभराने, सकाळी नऊच्या सुमाराला, आतोबा बाळ बघायला आले.

"आत शेगडी हाय का? दार उघडा."

"न्हाई भावजी, वारं लागंल." आई दार अडवून उभी राहिली. "आत्ताच डोळा लागलाय दोघांचा."

"बाळ रडलं का मघापासून?"

आईने माझ्याकडे बघितलं. रडणं कुणीच ऐकलं नव्हतं.

आतोबांनी आईला चक्क बाजूला ढकललं, दार उघडलं, शेगडी उचलून अंगणात भिरकावली आणि बाळ माझ्या हातात दिलं. "वाऱ्यात धर त्याला!" बाळ लुळं पडलं होतं. बहिणीला आम्ही बाजेसकट बाहेर आणलं, ती नुसती कण्हत होती. मी बाळाचे तळवे चोळत होतो आणि काय पुटपुटत होतो ते माझं मलाच कळत नव्हतं. शेवटी ते किरकिरलं. दवाखान्यात दोघांना ऑक्सिजन लावला. दुपारी बहिणीने बाळाला जवळ मागितलं, तेव्हा आम्ही सगळेच रडलो.

"तुम्हाला कसं कळलं, भावजी?" दवाखान्याच्या पायरीवर आईने विचारलं.

"माझ्या पहिलीची खोली बी अशीच बंद केली व्हती," आतोबा खाली बघत म्हणाले. "धूर न्हवता, म्हणून वाटलं समदं बरं हाय. दाराची राखण मीच करत बसलो व्हतो."

आत्याच्या आधीची त्यांची बायको बाळंतपणात गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. कशी गेली ते इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.  आईने त्यांचे हात हातात घेतले, तेव्हा कुठे त्या तळव्यांवरचे फोड आम्हाला दिसले.