मेसमधली सत्तेची विभागणी

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. त्यामुळे शिकलेलं फुकट घालवायचं नाही, हा माझा दंडक. तालुक्याच्या शाळेत सरांनी युरोपातल्या ज्ञानोदयाचा धडा जीव ओतून शिकवला होता. चालत आलंय म्हणून मानू नका, बुद्धीला पटलं तर माना. राज्य करायचं तर लोकांच्या संमतीने करा. आणि नियम करणारा, राबवणारा, न्याय देणारा अशी तीन माणसं वेगळी ठेवा. सरांचे उपकार फेडायची संधी मला मिळाली ती थेट सौदीतल्या जुबैलमध्ये, मेसच्या स्वयंपाकघरात.

कंपनीच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच मराठी माणसं. मेस चालवायचे रत्नागिरीकडचे काका, प्लांटवर फोरमन. काय शिजणार ते काका ठरवत, शिजवतही तेच, आणि कुणी कुरकुरलं तर निकालही त्यांचाच: "गप जेव."

एका शुक्रवारी मी उभा राहिलो. "काका, आदर आहेच. पण ही सत्ता आम्ही तुम्हाला दिली कधी?"

"सत्ता कसली रे? आमटी करतोय मी."

"तेच म्हणतोय. संमती कुणाची?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, पळी माझ्या हातात दिली आणि खोलीत जाऊन पडले.

मतदान झालं. दोघे मेनू ठरवणार, तिसरा तक्रारी ऐकणार, आणि भाषण ठोकल्याबद्दल शिजवणार मी. मला अंडं उकडण्यापलीकडे काही येत नव्हतं. भात रोज खाली लागायचा. मेनू ठरवणारे उत्साहात सुरमईची कढी ठरवत आणि शिफ्टवरून येताना स्वतःपुरत्या खबूसच्या रोट्या घेऊन येत.

काका मात्र मुकाट्याने जेवत. मग एकदा ते फोनवर विचारताना कानावर आलं, "तुमच्या फ्लॅटवर बेड रिकामा आहे ना?" मी इथे नवा असताना, राहण्याचा परवाना, इकामाही हातात नव्हता तेव्हा, तापात मला पेज करून घातली ती याच माणसाने. आणि मी धड्याच्या जोरावर त्यालाच घराबाहेर काढत होतो.

शुक्रवारी मी सभा बोलावली. ठराव: सत्ता काकांना परत. चार हात वर गेले.

"माझा विरोध," काका म्हणाले.

"काका, रागावू नका. जाऊ नका हो तुम्ही."

"कोण जातोय? तो बेड पुतण्यासाठी बघतोय, नोकरीला येतोय तो." काका खुर्चीत रेलले. "तू विचारलंस ना, संमती कुणाची? अरे, माझी तरी कुठे होती? आलो तेव्हा कुणालाच येत नव्हतं, म्हणून पळी घेतली. ती परत कुणी मागितलीच नाही. आता कुठे शिफ्टवरून येऊन आडवा होतोय, तर निघाले मला राजा करायला!"

राजाचीच संमती नाही म्हटल्यावर ठराव बारगळला. काकांनी ताट पुढे ओढलं, एक घास घेतला आणि तक्रारवाल्याकडे वळले. "लिहून घे. आमटीत मीठ नाही."

"गप जेवा, काका," तो म्हणाला.

"नाही जेवणार. आता मला हक्क आहेत."

मी उठलो आणि मिठाची बरणी आणली. राबवणाऱ्याचं कामच ते.