कोटाचा क्लोजअप

"कोटाकडे बघून हसता काय, कोटाला घाबरा!" माझे साडू टेबलावर उभे राहून ओरडत होते. रविवारची दुपार. अंधेरीतल्या त्यांच्या कचेरीत आम्ही सात-आठ जण टाय आवळून एका रिकाम्या खुर्चीसमोर कमरेत वाकलो होतो, आणि खुर्चीच्या पाठीवर त्यांच्या साहेबांचा राखाडी कोट टांगलेला होता. कॅमेरावाला घाटकोपरचा, जन्मभर लग्नंच टिपलेला. तो हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मुलीकडचे कुठे उभे करू?"

रिकाम्या कोटाकडून अभिनय करून घेणारा माणूस या भूतलावर एकच निपजला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. साडूंना जगात जे दिसेल त्याचं गाणं व्हायचं. कुकरची तिसरी शिट्टी समेवर पडली नाही म्हणून त्यांनी आणखी चार होऊ दिल्या, आणि त्या दिवशी मुलुंडच्या त्यांच्या घरी आम्ही डाळीचा कोळसा ताक घालून खाल्ला. कचेरीत टाइपरायटरवर त्यांनी भजनी ठेका धरला की शेजारच्या खात्यातली माणसं ड्रॉवरमध्ये टाळ शोधू लागत. एकदा लय इतकी चढली म्हणतात, की टाइपरायटर सरकत सरकत टेबलाच्या कडेवरून खाली गेला, आणि साडूंनी बरोबर त्याच क्षणी दोन्ही हात वर करून सम दाखवली. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण मुलुंड ते नाहूर याबद्दल कोणाचं दुमत नाही.

त्या वर्षी बिल्डिंगीत व्हीसीआर भाड्यानं आणला होता. दुबईहून आलेल्या एका कॅसेटच्या शेपटाला कसलीशी विलायती गाणी निघाली. एका गाण्यात गोरे कारकून टेबलांवर चढून नाचतात, फायली उधळतात आणि साहेबाची टर उडवतात. बाकीचे झोपायला गेले. साडू टीव्हीला नाक लावून बसले आणि कॅसेट मागे-पुढे करत म्हणाले, "अरे, ही तर आमचीच कचेरी. फक्त माणसं धुतलेली आहेत."

झालं. वार्षिक गॅदरिंगला तसलंच गाणं करायचं ठरलं. विषय शोधावा लागला नाही. साहेब सकाळी येऊन कोट खुर्चीला अडकवत आणि दिवसभर हेड ऑफिसला नाहीतर कुठेतरी असत; शनिवारी तर तो न्यायलाही परतत नसत. कोट आहे म्हणजे साहेब आहेत, असा तिथला नियमच होता. येणारा-जाणारा कोटाला नमस्कार करी. एक नवा कारकून तर कोटासमोर उभा राहून रजा मागून आला, आणि कोट काही बोलला नाही म्हणजे मंजूर, असं समजून गावी गेला. साडूंनी गाणं रचलं: 'खुर्ची रिकामी, हो साहेब, कोट म्हणेल ते हो साहेब.' ठेका अर्थात टाइपरायटरचा.

अक्का, म्हणजे त्यांची बायको, डोक्याला हात लावून बसली. सेक्शन हेडची जागा रिकामी होती, तिच्यावर साडूंचाच नंबर होता, आणि ठरवायचं होतं याच साहेबांनी, गॅदरिंग झाल्यावर. "अहो, अजून आठ दिवस गप्प बसलात तर काय बिघडेल?" ती म्हणाली. साडू म्हणाले, "गाणं आत्ता सुचलंय. हेड काय, मागनं पण होता येईल." शूटिंगच्या दिवशी कचेरीतले शिपाई गावकरकाकाही कळवळून म्हणाले होते, "त्या कोटाक हात लावू नकात हां. माझी नोकरी जातली." म्हणून कोट जिथे होता तिथेच ठेवून, आम्हीच त्याच्याभोवती नाचलो.

गॅदरिंगला स्टेजवर दोन टीव्ही मांडले होते. पहिल्या रांगेत साहेब, नेहमीसारखे एकटेच; सांताक्रूझच्या फ्लॅटवरही ते एकटेच राहत. गाणं सुरू झालं. घाटकोपरवाल्यानं सवयीनं लग्नाचं सगळं मिक्सिंग त्यात ओतलं होतं. फायलींवर गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. आम्ही कमरेत वाकलो की मागे सनई वाजे. आणि शेवटी साहेबांचा कोट बदामाच्या आकारात, मोठ्ठा होत होत सगळा पडदा व्यापून थांबला, नवरदेवाचा थांबतो तसा. साडूंनी टर उडवायला काढलेलं गाणं, पण त्या बदामातला कोट बघून सभागृहात कुणी हसलं नाही. कॉलर झिजून दोरे निघालेले, वरचं बटण गायब. इतकी वर्षं रोज त्याला नमस्कार करणाऱ्यांनी तो पहिल्यांदाच नीट पाहिला होता. साहेब उठले आणि निघून गेले.

"वाट लागली," साडू म्हणाले. माझ्या माहितीत बेताल झालेले ते एवढेच.

सोमवारी संध्याकाळी मी मुद्दाम मुलुंडला गेलो. अक्कानं चहा टाकला होता, पण साखर घालायची विसरली होती. साडू आले, चपला काढल्या आणि खुर्चीत बसून बोटांनी हातावर ठेका धरला. कोणता, ते ओळखू येईना.

"केबिनमध्ये बोलावलं होतं?" अक्कानं विचारलं.

"हो."

"कोट होता?"

"खुर्चीला नव्हता. साहेब होते. शर्टात. मला म्हणाले बसा."

"मग? जागेचं काय?"

"मिळाली," साडू म्हणाले. "पण आधी त्यांनी सुई-दोरा मागितला."