समोरून दिसलेला वर्ग

आमच्या बी.एड. कॉलेजचा व्हिडिओ कॅमेरा प्राचार्यांच्या कपाटात राहायचा. वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनाला, तो बाहेर निघायचा. समई पेटली, पाहुण्यांच्या गळ्यात हार पडले, की परत कपाटात. नव्वदीच्या सुरुवातीचं कराड. कॅमेरा सरकारी योजनेतून आला होता आणि शिकवण्यासाठी आला होता, पण हे एका बाईंखेरीज कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

बाई आम्हाला अध्यापनाच्या पद्धती शिकवायच्या. पन्नाशीच्या होत्या, सांगलीहून रोज रेल्वेनं यायच्या. बोलणं मिरचीसारखं. प्राचार्यांचा पिच्छा पुरवून त्यांनी कपाटाची किल्ली मिळवली आणि एका सकाळी पदर कमरेला खोचून, ते धूड खांद्यावर घेऊन, आमचे सराव पाठ चालायचे त्या शाळेत हजर झाल्या. आमच्यातले बरेच जण तोंड फिरवून हसले. मी हसलो नाही. सभ्य होतो म्हणून नव्हे, माझी पाचावर धारण बसली होती म्हणून.

मी म्हसवडकडचा. आमच्या घरी मेंढरं. पावसाळा सरला की आईवडील मेंढरं घेऊन पश्चिमेला चालू लागायचे, मी मावशीकडं राहून शिकायचो. घरातला पहिला पदवीधर मीच. मला मास्तर व्हायचं होतं, दुसरं काहीही नको होतं. पण सराव पाठांत माझी गाडी रुतली होती. आमचे भूगोलाचे सर वर्गात सगळ्यात मागं बसून पाठ बघायचे आणि दर वेळी एकच शेरा लिहायचे, ‘वर्गावर ताबा नाही.’ माणूस कडक, पण खोटा नव्हता. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, “शेवटच्या पाठालाही असाच गोंधळ झाला, तर मी तुम्हाला पास करू शकणार नाही.”

मामानं तर आधीच सोय लावून ठेवली होती. “मास्तरकी न्हाई जमली तर काय बिघडत न्हाई गड्या. कारखान्यावर चिकटवतो तुला.” मामा प्रेमानंच बोलायचा, आणि मला त्या प्रेमाचाच धाक वाटायचा.

तर कॅमेरा वर्गात आला आणि पहिल्याच दिवशी त्याची फजिती झाली. आमच्याकडं तोवर व्हिडिओ म्हणजे लग्नाचा. दुसरा कुठला असतो, हे कुणाला माहीतच नव्हतं. त्यामुळं पाठ घेणारा छात्राध्यापक पावडर लावून, इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि फळ्यापाशी नवरदेवासारखा ताठ उभा राहिला. पोरं हात मांडीवर ठेवून, श्वास रोखून, थेट कॅमेऱ्यात बघत बसली. प्रश्न विचारला की पोर उठायचं, कॅमेऱ्याकडं बघून हसायचं आणि खाली बसायचं. बाईंनी ती कॅसेट आम्हाला दाखवली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. एकानं अक्षता मागितल्या. बाईही हसल्या, पण त्यांचं डोकं चालू होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कॅमेरा कॅसेट न घालताच वर्गात आणायला सुरुवात केली. फळ्याच्या बाजूला, मुलांच्या समोर, तीन पायांच्या तिकाटण्यावर उभा करायचा आणि स्वतः शेजारी बसायचं. मधेच उठून डोळा लावायचा, इकडंतिकडं फिरवायचा, परत बसायचं. रिकामा कॅमेरा! आठवडाभर हाच उद्योग. सर म्हणाले, “बाई, हा काय पोरखेळ?” बाई म्हणाल्या, “पोरांना त्याचा कंटाळा यायला हवा.” आणि खरंच आला. कॅमेरा म्हणजे कोपऱ्यातला घडवंचीवरचा माठ झाला, कुणी त्याच्याकडं ढुंकून बघेना. मग बाईंनी गुपचूप कॅसेट घातली. आजही कुणी मला शिक्षणातल्या नव्या साधनांचं कौतुक सांगू लागलं, की मला तो कॅसेटविना उभा असलेला कॅमेरा आठवतो आणि बाईंपुढं मान झुकते.

पण कॅसेट घातल्यावर पहिला पाठ त्यांनी आमचा टिपला नाही. स्वतः उभ्या राहिल्या आणि आमच्यातल्या एकाला चित्रण करायला लावलं. मग संध्याकाळी आम्हा सगळ्यांना टीव्हीसमोर बसवून म्हणाल्या, “काढा चुका.” कोण काढणार? पाठ देखणा झाला होता. बाई मात्र टीव्हीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, थोडा भाग पुन्हा लावला, अजून एकदा लावला. मग म्हणाल्या, “खिडकीकडच्या रांगेला मी एकही प्रश्न विचारलेला नाही. ती पोरगी सारखा हात वर करतेय बघा, आणि मी तिच्याकडं बघतसुद्धा नाही. इतकी वर्षं मी अशीच शिकवत आले असणार.” आमच्यासमोर, कालपरवा आलेल्या पोरांसमोर, हे बोलायला काय काळीज लागतं ते मला पुढं स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच पाठ पुन्हा घेतला आणि सुरुवात खिडकीकडून केली.

माझा शेवटचा पाठ सातवीच्या वर्गावर होता; सर नेहमीसारखे मागं, बाई समोर कॅमेऱ्यापाशी. विषय पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडं धो धो आणि आमच्या माणदेशात ठणठणाट, तो का. हा मला पुस्तकातून शिकवता येईना. मी वर्गाच्या मधोमध बाक ओढून सह्याद्री केला. दाराकडं समुद्र. दहाबारा पोरं ढग झाली, त्यांच्या पाठीवर दप्तरं म्हणजे पाणी. ढगांनी समुद्रावरून यायचं, डोंगर चढायचा, चढताना जड होतंय म्हणून दप्तर महाबळेश्वरला टाकायचं, पाटणला टाकायचं, आणि पलीकडं उतरायचं. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीला म्हटलं, तू म्हसवड. हात पसरून पाणी माग.

जो गोंगाट झाला म्हणता! ढग धावत सुटले, एक जाडजूड ढग बाकावरून घसरला, दप्तरांचा ढीग कोसळला. मी एका हातानं सह्याद्री धरून उभा होतो, कारण तो डुगडुगत होता. शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावून गेलं. कसाबसा पाठ आवरला. घंटा झाली. सर माझ्याकडं न बघता निघून गेले. झालं, म्हटलं, आता कारखाना.

त्या संध्याकाळी बाईंनी मला कॉलेजात बोलावलं. सरही आले होते. गुण देण्याआधी एकदा कॅसेट बघा, एवढंच बाईंनी त्यांच्याकडं मागितलं होतं. सर खुर्चीत घड्याळ बघत बसले, मी दाराशी उभा राहिलो. चित्र दिसायला लागलं, पण आवाज नव्हता.

“आवाज गेलाय का?” सरांनी विचारलं.

“मी बंद केलाय,” बाई म्हणाल्या. “वर्गात तुम्ही आवाजच ऐकलात. आता नुसतं बघा.”

आणि तो वर्ग मला पहिल्यांदा दिसला. ढग धावत होते, पोरं हसत होती, पण एकाही पोराची नजर खिडकीबाहेर नव्हती. ढग डोंगर उतरून रिकाम्या पाठीनं म्हसवडपाशी आले. मुलीनं हात पुढं केले. एका ढगानं रिकामे तळवे दाखवले. दुसऱ्यानं दाखवले. तिनं हात खाली घेतले नाहीत. तिनं बाकावरच्या दप्तरांच्या ढिगाकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं. पुढची पोरं हसता हसता मागं वळली, तिला बघितलं, आणि त्यांचं हसू थांबलं. हळूहळू सगळा वर्ग तिच्याकडं बघत गप्प झाला. मला यातलं काही माहीत नव्हतं. पडद्यावर मी तिच्याकडं पाठ करून, बाक धरून उभा होतो.

बाईंनी आवाज वाढवला. मुलगी म्हणत होती, “सर, तिकडं एवढं पानी, आन् आमाला कायच न्हाई व्हय?”

सरांनी चष्मा काढला. “हे कधी झालं? मी खाली मान घालून लिहीत होतो बहुतेक. आणि मागं बसून मला तिच्या नुसत्या वेण्याच दिसत होत्या.” चष्मा पुसून त्यांनी पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग उठले. “पास. गोंगाटाबद्दल माझं म्हणणं कायम आहे. पण पास.” आणि गेले.

बाई आता पाठ थोपटतील, असं मला वाटलं. त्यांनी कॅसेट मागं घेतली.

“इकडं या. नीट ऐका. पोरीनं एवढा मोठा प्रश्न विचारला, आणि तुम्ही तिच्याकडं न बघताच उत्तर देऊन मोकळे झालात. थांबायला हवं होतं. वर्गाला विचार करू द्यायचा होता. उद्या तुमच्या स्वतःच्या वर्गात असं करायचं नाही.”

माझ्या स्वतःच्या वर्गात! बाई पुढंही बरंच काही सांगत होत्या, पण मला हुंदका आवरेना. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, कॅसेट पुन्हा मागं घेतली आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.