अंगठ्याची पट्टी

पिरंगुटच्या एका छोट्या दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हा कोळवणकडची एक आजी भरती झाली. साखरेचा जुना आजार. भाताच्या खाचरात पायाला काहीतरी लागलं, तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि घरच्यांच्या लक्षात आलं तोवर अंगठा काळा पडला होता. सुनेनं तिला जीपमधून आणलं.

आजी पाय चादरीबाहेर काढेना. डॉक्टरांनी समजावलं, सून ओरडली. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला मी ट्रे घेऊन गेले तर म्हणाली, "काल त्या दुसऱ्या बाईनं मुंगी चावल्यावानी वाटंल म्हनून सांगितलं. मुंगी न्हवती ती, इंगळी व्हती."

"दुखणारच आहे," मी म्हटलं. "पट्टी भिजवून काढीन, तरी दुखेल. सहन नाही झालं तर हात वर करा. मी थांबेन."

"थांबशील?"

"थांबेन."

पाय बाहेर आला. मी पट्टी भिजवत होते, अजून ओढलीही नव्हती, तोच तिनं हात वर केला. मी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. ती माझ्याकडे बघत राहिली. दुखत नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. जरा वेळानं हात खाली आला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा हात वर. वॉर्डातली बाकीची कामं खोळंबली होती, मला राग येत होता. पण थांबले. त्यानंतर खरंच दुखायला लागलं, तेव्हा मात्र तिनं खाटेची कड धरली आणि हात उचलला नाही.

पुढच्या खेपेला मला बघून तिनं आपणहून चादर सारली.

"आंगठा ऱ्हाईल का गं?"

"मला नाही वाटत. पण ते डॉक्टर ठरवतील."

"असं तोंडावर कशाला सांगता?" सून माझ्यावर चिडली.

"तू गप," आजी म्हणाली. "म्या इचारलं, तिनं सांगितलं."

अंगठा काढावा लागला. जखम भरायला वेळ लागला, पण भरली. आजी फार बोलकी नव्हती, माझ्याशीही नाही. पुढं तपासणीला यायची, तेव्हा दुसरी सिस्टर मोकळी असली तरी माझी वाट बघत बसायची.

"तिलाही चांगलं येतं, आजी," मी एकदा म्हटलं.

"येत आसंल. माझी वळख तुझ्याशी हाय."

आणि बाकावर पाय लांब करून बसून राहायची. येणारे-जाणारे वळसा घालून जात.